डार्क, द डार्क आणि डार्कनेस: कुठे काय वापरायचं, मराठीत काय म्हणायचं

प्रश्न असा: शब्दकोशात 'डार्क'पुढे अंधारा, काळा, गडद, गूढ, उदास, दुष्ट अशी रांगच लागलेली असते. मग 'डार्क', 'द डार्क' आणि 'डार्कनेस' यांत फरक काय, आणि भाषांतर करताना दरवेळी 'काळा' म्हणून भागतं का?

भागत नाही. 'ब्लॅक' हा एक रंग आहे. 'डार्क' म्हणजे उजेड कमी असणं. रंगाबद्दल बोलतानाही 'डार्क' रंगाचं नाव सांगत नाही, तो रंग किती गडद आहे एवढंच सांगतो. म्हणून डार्क रेड असतो, डार्क ब्राऊन असतो, पण 'डार्क ब्लॅक' इंग्रजीत कुणी म्हणत नाही. हा शब्द समोर आला की आधी बघायचं, इथे कमी काय आहे? उजेड, रंगाचा फिकेपणा, माहिती, की मनाची उमेद? मराठी शब्द त्यावरून ठरतो. शब्दकोशातली रांग पाठ करून काही उपयोग नाही.

आधी व्याकरण, कारण मराठी माणसाची गाडी तिथेच अडते. आपल्याकडे 'अंधार' हे नाम आहे आणि ते वाक्यात सरळ कर्त्याच्या जागी बसतं: अंधार झाला, अंधार पडला, अंधार आहे. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी विशेषण लागतं आणि कर्त्याची जागा नुसता 'इट' भरून काढतो. अंधार पडतोय म्हणजे 'इट्स गेटिंग डार्क'. अंधार पडला म्हणजे 'इट गॉट डार्क'. खोलीत अंधार आहे म्हणजे 'द रूम इज डार्क' किंवा 'इट्स डार्क इन हिअर'. मराठीच्या वळणाने केलेलं 'देअर इज डार्क इन द रूम' चुकतं, कारण तिथे नाम हवं आणि सुटा 'डार्क' तिथे नामाचं काम करत नाही. ते दुरुस्त करायला जाऊन 'देअर इज डार्कनेस इन द रूम' म्हटलं तर व्याकरण सुटतं, पण बल्ब गेल्याची तक्रार प्रवचनासारखी ऐकू येते.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे 'इन डार्क'. 'आय कान्ट सी इन डार्क', 'शी इज अफ्रेड ऑफ डार्क' ही दोन्ही वाक्यं 'द'वाचून लंगडी आहेत. इन द डार्क, अफ्रेड ऑफ द डार्क, ग्लो इन द डार्क असंच म्हणायचं. इथे 'द' का, हे एकदा कळलं की विसरायला होत नाही. आपल्या भोवती जी हवा आणि जी परिस्थिती पसरलेली असते तिला इंग्रजी 'द' लावतं: इन द रेन, इन द कोल्ड, इन द सन. अंधारही त्याच पंगतीतला.

पण 'आफ्टर', 'बिफोर' आणि 'अंटिल' यांच्या मागे हाच शब्द आला की 'द' गळून पडतो: आफ्टर डार्क, बिफोर डार्क, अंटिल डार्क. इथे अंधार म्हणजे परिस्थिती नाही, वेळ आहे. 'आफ्टर लंच', 'बिफोर नून' म्हणताना जसं आर्टिकल लागत नाही तसंच हे. 'बी होम बिफोर डार्क' म्हणजे दिवेलागणीच्या आत घरी ये.

ही दिवेलागण कुठली, हे मात्र ठिकाणावर ठरतं. मुंबईत वर्षभरात सूर्यास्त साधारण संध्याकाळी सहा ते सात-वीसच्या दरम्यान फिरतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत दिवे लावावे लागतात. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो, अंधार पडेपर्यंत दहा वाजून जातात. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी चारच्या आतच जातो. त्यामुळे तिकडे राहणाऱ्या नातवंडाला 'बिफोर डार्क ये' असं फोनवरून बजावलं आणि दिवस उन्हाळ्याचे असले, तर रात्री साडेनऊला आलेलं पोरही शब्दाला जागलेलं असतं. घड्याळाची वेळ द्यायची असेल तर घड्याळाचीच द्यावी. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत तर 'आवर्स ऑफ डार्कनेस' या शब्दांची व्याख्याच दिलेली आहे: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या आधी अर्ध्या तासापर्यंत.

'डार्कनेस' हे अवस्थेचं नाव. त्याचं अनेकवचन रोजच्या भाषेत होत नाही आणि नुसतं आलं तर त्याला 'द'ही लागत नाही. 'द हाउस वॉज इन डार्कनेस' म्हणजे घरात एकही दिवा लागलेला नव्हता. माणूस 'इन द डार्क' असतो, घर किंवा शहर 'इन डार्कनेस' असतं. ही वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण 'द व्हिलेज इज इन द डार्क' म्हटलं की गावाला काहीतरी कळवलेलं नाही, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात येतो. रात्रीचा फायदा घेऊन चोर पळाले, या बातमीला 'अंडर कव्हर ऑफ डार्कनेस' ठरलेलं आहे. मिट्ट काळोखाला 'पिच डार्क'. यातला 'पिच' म्हणजे डांबर, क्रिकेटची खेळपट्टी नव्हे.

क्रियापद हवं तर 'डार्कन'. 'द स्काय डार्कन्ड' म्हणजे आभाळ अंधारून आलं. 'ब्लॅकन' वेगळं. चुलीवर पातेल्याचं बूड काळं होतं ते 'ब्लॅकन', आणि कुणाच्या नावाला काळिमा फासायचा तर 'ब्लॅकन समवन्स नेम'. 'नेव्हर डार्कन माय डोअर अगेन' या वाक्याचं शब्दशः भाषांतर करू पाहणारा हमखास फसतो. दारात उभ्या राहिलेल्या माणसाची सावली आत पडते, त्यावरून ते आलं आहे. मराठीत त्याला तयार वाक्य आहे: पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नकोस.

वाक्प्रचारांपैकी काही दोन्ही भाषांत जवळजवळ तसेच उतरतात. 'कीप समवन इन द डार्क' म्हणजे एखाद्याला अंधारात ठेवणं. 'अ लीप इन द डार्क' म्हणजे अंधारात उडी. 'ग्रोपिंग इन द डार्क' म्हणजे अंधारात चाचपडणं. 'अ शॉट इन द डार्क'ला अंधारात तीर मारणं चालतं, पण बोलण्याचा सूर हलका असेल तर 'अंदाजपंचे' जास्त शोभतं. 'व्हिसलिंग इन द डार्क' म्हणजे आतून टरकलेलं असताना वरून बेफिकिरी दाखवणं. याला मराठीत नेमकी जोडी नाही, 'उसनं अवसान आणणं' हे त्यातल्या त्यात जवळचं.

'डार्क हॉर्स'चं 'काळा घोडा' करू नका. वाचक थेट मुंबईत फोर्टात जाऊन उभा राहील. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला. ज्याच्याबद्दल कुणालाच माहिती नाही, म्हणून ज्याच्यावर कुणी पैसे लावलेले नाहीत, तो घोडा डार्क. इथला 'डार्क' रंगाचा नव्हे, माहिती नसण्याचा. पुढे तो राजकारणात शिरला. १८४४ साली जेम्स पोक यांना डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी अनपेक्षितपणे मिळाली आणि ते अमेरिकेचे अध्यक्षही झाले. डार्क हॉर्सचं उदाहरण म्हणून अजून त्यांचंच नाव घेतात. मात्र ब्रिटिश माणूस 'यू आर अ डार्क हॉर्स' म्हणाला तर त्याला निवडणूक अभिप्रेत नसते. तुम्ही इतकी सुंदर पेटी वाजवता आणि कधी बोलला नाहीत, असा तो लटका राग असतो. मराठीत तिथे 'छुपे रुस्तम' चपखल बसतं.

आता उलट दिशा. मराठीत अंधार किंवा काळं म्हणतो, पण इंग्रजीत 'डार्क' येत नाही, अशा जागा जास्त धोक्याच्या. 'डोळ्यांपुढे अंधारी आली' हे परदेशात डॉक्टरला 'डार्कनेस केम इन माय आइज' असं सांगितलं तर तो दृष्टीच्या तपासण्या सुरू करील. 'आय फेल्ट फेंट' म्हणावं, किंवा 'एव्हरीथिंग वेंट ब्लॅक फॉर अ फ्यू सेकंड्स'. 'आय ब्लॅक्ट आउट' मात्र शुद्ध हरपली असेल तरच म्हणायचं. नुसतं गरगरलं असताना हे शब्द वापरले तर उपचाराची दिशा बदलते. 'यात काहीतरी काळंबेरं आहे' याला 'समथिंग फिशी'. 'लाइट गेली' याला 'द पॉवर वेंट आउट' किंवा 'पॉवर कट', अमेरिकेत 'आउटेज'. कडक चहा 'स्ट्राँग' असतो, डार्क नसतो. 'डार्क टी' हा चीनमधल्या आंबवलेल्या चहाचा वेगळा प्रकार आहे. आणि अमावास्येला खगोलशास्त्रात 'न्यू मून' म्हणतात. बीजेची कोर नव्याने दिसते म्हणून तीच न्यू मून, असं समजून तारखा चुकवणारे बरेच आढळतात. पंचांगातल्या वद्य पक्षाला 'डार्क फोर्टनाइट' म्हणण्याची रीत मात्र भारतीय इंग्रजीत रुळलेली आहे.

रंगाच्या बाबतीत दुकानातली मराठी आधीच शहाणी आहे: डार्क आणि फिका. लिहिताना 'गडद' हा सरधोपट शब्द पुरतो. 'गर्द' हिरव्याला आणि झाडीला शोभतो. 'भडक' म्हणजे डार्क नव्हे. भडक पिवळा चांगला उजळ असतो, त्याला 'लाउड' किंवा 'ब्राइट' म्हणतात. 'काळपट हिरवा' आणि 'गडद हिरवा' हे दोन वेगळे रंग आहेत. पहिल्यात काळी झाक आहे, म्हणजे 'ब्लॅकिश ग्रीन'. दुसरा 'डार्क ग्रीन'. साडीचा रंग फोनवर सांगताना एवढा फरक पुरेसा महागात पडतो.

माणसाच्या वर्णनात गोंधळ वेगळाच. 'टॉल, डार्क अँड हँडसम' यातला 'डार्क' बहुतेक वेळा काळ्याभोर केसांबद्दल, डोळ्यांबद्दल आणि फार तर किंचित तांबूस-गव्हाळ कातडीबद्दल असतो. ब्रिटिश लेखनात 'शी वॉज डार्क, हर सिस्टर वॉज फेअर' म्हणजे एकीचे केस काळे, दुसरीचे सोनेरी. आपण ते सावळी आणि गोरी असं वाचतो आणि पात्राचा चेहराच बदलून टाकतो. कातडीबद्दलच बोलायचं असेल तर 'डार्क-स्किन्ड' असं स्पष्ट लिहितात. भारतीय जाहिरातींतला 'व्हीटिश' भारताबाहेर कुणाला कळत नाही, आणि 'डस्की' हा शब्द आपल्याकडे कौतुकाने वापरतात, तर तिकडे तो कातडीबद्दल वापरणं जुनाट आणि खटकणारं मानतात. 'सावळा' शब्दाची तर पंचाईतच आहे. त्यात विठ्ठलामुळे जी माया मुरलेली आहे ती 'डार्क'मध्ये येत नाही. अभंगाचं भाषांतर करणाऱ्याने तिथे 'डार्क' ठेवून माया आजूबाजूच्या शब्दांत शोधावी, 'ब्लॅक' करू नये.

खाण्यापिण्यात हा शब्द नेमका तांत्रिक आहे. ब्लॅक कॉफी म्हणजे बिनदुधाची. डार्क रोस्ट म्हणजे बिया जास्त भाजलेल्या. त्यात दूध घाला, रोस्ट डार्कच राहतो. चव कडवट आणि जड लागते म्हणून कॅफीन जास्त असेल असं वाटतं, पण रंगावरून कॅफीन ठरत नाही. सोया सॉसमध्ये 'लाइट' म्हणजे कमी मिठाचा, असं समजून लोक तो सढळ हाताने ओततात आणि नूडल्स खारट होतात. लाइट हा पातळ आणि जास्त खारा असतो. डार्क हा घट्ट, किंचित गोडसर आणि मुख्यतः रंगासाठी. पाककृतीत नुसतं 'सोया सॉस' लिहिलं असेल तर बहुधा लाइट अपेक्षित असतो. चिकनमधलं 'डार्क मीट' म्हणजे तंगडी आणि मांडीचं मांस. सतत काम करणाऱ्या स्नायूंत मायोग्लोबिन हे प्राणवायू धरून ठेवणारं लालसर प्रथिन जास्त, म्हणून रंग गडद.

विज्ञानात मराठी परिभाषेनेच थोडा घोळ घातला आहे. 'ब्लॅक होल'चं कृष्णविवर झालं, आणि 'डार्क मॅटर'चं कृष्णपदार्थ. एकाच 'कृष्ण'मुळे दोन्ही काळे आहेत असं वाटतं. विवर प्रकाश गिळतं, म्हणून काळं. डार्क मॅटर प्रकाश गिळतही नाही आणि सोडतही नाही; प्रकाश त्यातून सरळ आरपार जातो. तो काळा नाही, अदृश्य आहे. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने ते फारच जास्त निघाले, आणि न दिसणाऱ्या वस्तुमानाला त्यांनी जर्मनमध्ये 'अंधारं द्रव्य' अशा अर्थाचं नाव दिलं. 'डार्क एनर्जी' हा शब्द मायकेल टर्नर यांनी १९९८ साली रूढ केला. तिथला 'डार्क' आणखी निराळा: ही ऊर्जा काय आहे हेच कुणाला ठाऊक नाही. सध्याच्या हिशेबाने विश्वात साधं द्रव्य सुमारे ५ टक्के, डार्क मॅटर २७ आणि डार्क एनर्जी ६८ टक्के. मुलांना शिकवताना 'अदृश्य द्रव्य' म्हटलं तर निम्मे गैरसमज टळतात, परीक्षेत मात्र पुस्तकातलाच शब्द लिहू द्यावा.

प्रकाशसंश्लेषणातली 'डार्क रिअॅक्शन' याहून त्रासदायक. नाव ऐकून मुलं लिहितात की ती रात्री होते. तिला थेट प्रकाश लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रकाशाच्या टप्प्यात तयार झालेली एटीपी आणि एनएडीपीएच ही ऊर्जा वाहून नेणारी संयुगं तिला लागतात, म्हणून ती दिवसाच चालते. अंधार झाला की हा पुरवठा तुटतो आणि ती लवकरच थंडावते. आता 'कॅल्विन चक्र' म्हणण्याकडे कल आहे, तेच बरं.

'डार्क स्काय' मात्र अगदी साध्या अर्थाचं: कृत्रिम दिव्यांनी न विटाळलेलं आकाश. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, याला 'डार्क अॅडॅप्टेशन' म्हणतात. मध्येच कुणी मोबाइल उघडला की घड्याळ पुन्हा शून्यापासून. लाल टॉर्च चालतो, कारण अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी लाल रंगाला फारशा दाद देत नाहीत.

व्यापार आणि संगणकातल्या 'डार्क'मध्ये अंधार जवळजवळ कुठेच नाही. झटपट घरपोच सेवेचं 'डार्क स्टोअर' आत दिव्यांनी लख्ख असतं. गिऱ्हाइकाला दार बंद, म्हणून ते डार्क. 'डार्क फायबर' म्हणजे जमिनीत टाकलेली, पण प्रकाशसंकेत न सोडलेली तार. इथे शब्द अक्षरशः खरा आहे. ब्रॉडवेवर 'द थिएटर इज डार्क टुनाइट' म्हणजे आज प्रयोग नाही. 'डार्क वेब' म्हणजे नेहमीच्या शोधयंत्रांना न सापडणारा आणि टॉरसारखं खास सॉफ्टवेअर लावल्याशिवाय न उघडणारा भाग. तिथलं सगळंच बेकायदा असतं असं नाही.

'डार्क पॅटर्न'बद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण हा शब्द आता आपल्या नियमांत आला आहे. हॅरी ब्रिग्नल यांनी तो २०१० साली वापरात आणला. संकेतस्थळाची मांडणीच अशी करायची की माणसाने त्याला नको असलेलं बटण दाबावं. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आणि त्यांत १३ प्रकार नोंदवले. न मागता टोपलीत वस्तू सरकवणं, 'दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई करणं, किंमत शेवटच्या पानावर थेंबाथेंबाने वाढवणं, वर्गणी रद्द करण्याची वाट लपवणं, हे सगळे त्यात आहेत. मराठी बातम्यांत याचं 'काळे नमुने' झालेलं वाचलं की हसू येतं. 'फसवी मांडणी' म्हणा. ब्रिग्नल स्वतःही आता 'फसवे' अशा अर्थाचाच शब्द वापरतात.

मनाच्या बाबतीत 'काळे' जवळपास कुठेच बसत नाही. 'डार्क डेज' म्हणजे वाईट दिवस, पडता काळ. 'डार्क ह्यूमर' म्हणजे मरण, आजारपण असल्या गोष्टींवरचा विनोद. 'ही गेव्ह मी अ डार्क लुक' म्हणजे त्याने रागाने पाहिलं. 'हिज फेस डार्कन्ड' याचं 'चेहरा काळवंडला' करण्याचा मोह होतो, पण मराठीत चेहरा उन्हाने, दुःखाने किंवा भीतीने काळवंडतो. इंग्रजीत तो बहुतेक वेळा रागाने डार्कन होतो. 'कपाळाला आठ्या पडल्या' जास्त जवळ जातं. आणि कुणी 'आय हॅव बीन हॅविंग डार्क थॉट्स' म्हणालं, तर ते नुसती उदासी समजून सोडून देऊ नये. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार सांगायला हे शब्द पुष्कळदा वापरले जातात. नीट विचारावं आणि भाषांतरातही ते सौम्य करू नयेत.

उच्चाराचं थोडक्यात. स्वर लांब, 'डाऽक'. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात 'र' ऐकू येत नाही, अमेरिकेत स्पष्ट येतो. आपला 'ड' जीभ मागे वळवून होतो, इंग्रजी 'डी' वरच्या दातांमागच्या हिरडीवर. उच्चारशास्त्रात 'डार्क एल' नावाचा ध्वनीही आहे. 'लीफ'च्या सुरुवातीचा ल मोकळा आणि 'फुल' किंवा 'मिल्क'मधला डार्क. त्यात जिभेचं टोक हिरडीलाच असतं, पण मागचा भाग टाळूकडे उचलला जातो. काही जण त्यासाठी 'ळ' वापरून बघतात. ते चुकतं, कारण 'ळ'ला टोकच मागे वळतं. टोक जागेवर ठेवून 'ल'बरोबर मनात 'उ' म्हणा, जमेल.